ठळकवाडीहून कुंडलच्या माळावर

श्रोतेहो, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी पैसा कमावला आणि पुढे त्या पैशातून लोककल्याण केले, असे आपण सरसकट बोलतो. मला हा क्रम मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे बेळगावातच सांगितले पाहिजे.

२० जून १८६९ रोजी आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या या मुलाला चित्रकार व्हायचे होते. परंतु मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेल्यावर काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आले आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे मुंबईतल्याच व्हिक्टोरिया ज्युबिली या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षकी केली, तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह चालवलेल्या सायकलच्या दुकानाची आठवण आजचा किर्लोस्कर रोड जपून आहे. दुकानापाठोपाठ कडब्याची कुट्टी करणारे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर.

या नांगरापाशी थोडे थांबू. लाकडी नांगर काळ्या रानाला वरवर ओरखडतो; लोखंडी नांगर माती उलथून हरळीच्या मुळ्या वर काढतो. तरीही लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची धारणा होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. शेतकऱ्याला अडाणी ठरवून लक्ष्मणराव मोकळे झाले नाहीत. त्याच्या तक्रारी ऐकून ते फाळ सुधारत राहिले.

अशा माणसाला ठळकवाडीतील कारखान्याची जागा सोडावी लागली, कारण तेथे उपनगर वसवायचे ठरले होते. आपल्या गावाने त्यांना घालवले, असेच मी म्हणेन. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मात्र कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग आणि नागसापांचा तो माळ साफ करून १९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली. कारखाना स्थिरावण्याआधीच तेथे कामगारांची घरे उभी राहत होती, शिवाशिव पाळायची नाही हा वस्तीचा नियम होता, आणि रात्रीच्या पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. हा सारा व्यवहार कर्जातल्या माणसाचा आहे. नफ्याचा प्रश्न अजून दूर होता.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. संस्थानिकांनी मदत केली म्हणून लक्ष्मणरावांचे स्वकर्तृत्व उणे होते, असे काही जण म्हणतात. ज्याच्या हाती गहाण टाकण्याजोगे फारसे काही नाही, त्याला पंतप्रतिनिधी आणि शाहू महाराज इतके देऊ करतात, ते त्याचे काम पाहूनच.