धाप मोजणारी माणसे

साठी उलटलेली बाई नळावरून कळशी आणताना मध्येच थांबू लागली, की घरची माणसे म्हणतात, वय झाले. तीही तेच म्हणते. मग ती देवळाच्या पायऱ्या टाळते, लग्नकार्याला जाणे टाळते, आणि अखेर अंगणापलीकडे जाणे थांबते, तरीही तिची फुप्फुसे कोणी तपासलेली नसतात. सातारा जिल्ह्यातील एका गावात आयुष्यभर प्राथमिक शिक्षिका म्हणून काम केलेल्या मलाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा आजार आहे. निवृत्तीनंतरचा माझा बराचसा वेळ आता ‘वय झाले’ या दोन शब्दांशी झगडण्यात जातो.

मी बिडीला कधी हात लावला नाही. माहेरी चुलीपुढे बसले आणि सासरी आल्यावरही पहाटेची भाकरी चुलीवरच होत असे. हा आजार धूम्रपान करणाऱ्यांचाच, अशी समजूत डॉक्टरांतही दीर्घकाळ होती, पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले, की सीओपीडीच्या अंदाजे 25 ते 45 टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नसते. लाकूड, शेणी आणि काटक्यांच्या धुरातील सूक्ष्म कण वर्षानुवर्षे श्वासनलिकांना सूज आणतात, आतील वायुकोशांच्या भिंतींची लवचिकता जाते आणि घेतलेला श्वास पुरता बाहेर पडत नाही. भारतात 2016 मध्ये या आजाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे.

माझ्या छातीचा एक्स-रे निघाला, ईसीजी निघाला, खोकल्याची औषधे झाली. फुंकण्याची तपासणी मात्र कित्येक वर्षे कोणी सुचवली नाही. स्पायरोमेट्री नावाच्या या तपासणीत सुई टोचत नाहीत. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी धरून छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो एका दमात, सर्व जोर लावून सोडायचा. शेजारी उभा असलेला तंत्रज्ञ ‘फुंका, फुंका, अजून, अजून’ म्हणत राहतो आणि निदान सहा सेकंद तरी थांबू देत नाही. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर त्रासाच्या लक्षणांसोबत तो आकडा सीओपीडीकडे बोट दाखवतो. मला हा आकडा मिळाला तेव्हा प्रथमच माझ्या धापेला पुरावा मिळाला.

रुग्णांच्या वतीने बोलण्याचे काम मला कोणी नेमून दिलेले नाही. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी एकदा एका घाबरलेल्या बाईशेजारी मला बसवले, आणि ती जे त्यांना सांगत नव्हती ते मला सांगू लागली. जोराने फुंकताना लघवी सुटेल, ही भीती तिला होती. ही भीती कितीतरी बायकांना असते आणि त्यामुळे त्या अर्धवट फुंकतात, मग आकडा चुकतो. आधी शौचालयाला जाऊन यावे, लुगड्याची गाठ सैल करावी, एवढे साधे सांगण्यासाठी समोर आपल्यासारखीच बाई असावी लागते.

तोंडाने औषध ओढून घ्यायच्या पंपाबद्दलचा, म्हणजे इनहेलरबद्दलचा, गैरसमज त्याहून हट्टी आहे. पंप म्हणजे शेवटचे औषध, एकदा लागला की सुटत नाही, असे लोक छातीठोकपणे सांगतात; प्रत्यक्षात त्यातील औषध मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट फुप्फुसात जाते, म्हणून तर ते इतके थोडे पुरते. बहुतेकजणी पंप आधी दाबतात आणि श्वास नंतर घेतात, त्यामुळे औषध घशातच राहते. मी स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला लावायची पोकळ नळी, जोडून दाखवते, हळू आणि खोल श्वास घेऊन दहा सेकंद रोखायला लावते, आणि पंपात स्टेरॉइड असेल तर शेवटी चूळ भरायला सांगते. धाप लागल्यावर नाकाने श्वास घेऊन तो चंबू केलेल्या ओठांतून सावकाश सोडायचा असतो. फुंकणीला ओठ लावतो तसे करा, पण जोर न लावता, असे म्हटले की बायकांना ते लगेच जमते. औषध कोणते आणि किती, हे मात्र मी कधीही सांगत नाही, आणि स्वतःचा पंप दुसरीला देत नाही.

या कामाची माझी कल्पना बदलली ती अमेरिकेतील ग्रेस अ‍ॅन डॉर्नी कॉपेल या वकील बाईंची हकीकत कळल्यावर. 2001 मध्ये त्यांचे निदान झाले तेव्हा त्यांच्या फुप्फुसांची क्षमता 26 टक्के उरली होती आणि तीन ते पाच वर्षे हातात आहेत असे त्यांना सांगण्यात आले होते. शिस्तशीर व्यायाम आणि श्वसनाचे प्रशिक्षण यांनी त्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि हे उपचार इतरांनाही मिळावेत म्हणून त्यांनी पतीसह अशी पुनर्वसन केंद्रे उभी करण्यास मदत केली. आपल्याकडे अशी केंद्रे मोठ्या शहरांत थोडीफार आहेत, तालुक्याला जवळजवळ नाहीतच. धीर देणे हे निम्मेच काम आहे. ग्रामीण रुग्णालयात चालू स्थितीतील स्पायरोमीटर असावा, तो चालवणारा माणूस असावा आणि पंपांचा साठा महिनाअखेरीस संपू नये, हे ग्रामसभेत आणि आरोग्य अधिकाऱ्यांपुढे पुन्हा पुन्हा मांडणे हे उरलेले निम्मे आहे, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते.

आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी जी तपासणी-यादी भरतात, तिच्यात दम लागतो का हा प्रश्न आहे आणि स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता हाही आहे. उज्ज्वला योजनेनंतर पुष्कळ घरी उत्तर ‘गॅस’ असे येते आणि ते खोटेही नसते. मात्र सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून परसात चूल पेटलेलीच असते. त्यामुळे मी आशाताईंबरोबर फिरताना आणखी एक प्रश्न जोडते, आंघोळीचे पाणी कशावर तापते? जिथे उत्तर ‘चूल’ येते आणि बाईला धापही लागते, तिथे तिचे नाव आम्ही स्पायरोमेट्रीच्या यादीत लिहितो, तपासणीच्या दिवशी तिच्यासोबत घरातील कोण येणार हे तिथेच ठरवतो आणि पुढच्या घरी जातो.