मोळी काट्यावर

ताडोबाचा बफर, म्हणजे वाघांच्या राखीव जंगलाभोवतीचा गावांचा पट्टा, भद्रावतीची बाजू, चंद्रपूर जिल्हा. सरपणाने जंगलाचं खरंच किती नुकसान होतं, ते इथे मोजतायत. या बायका सरपण घेऊन परत येतायत, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि मान बघा, जरासुद्धा हलत नाही. मोजणाऱ्या टीमने फांदीला ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) टांगलाय आणि एकेक मोळी त्याला लावतेय. मावशी म्हणाल्या, आमचं वजन नका करू म्हणजे झालं.

एक मोळी साधारण 20-25 किलो भरते. पण काट्यावर दिसतं ते सगळं लाकूड नसतं, ताज्या तोडलेल्या फांदीत निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं, म्हणून हे छोटं मशीन, त्याच्या दोन पिना लाकडात खुपसायच्या आणि ओलावा बघायचा. मग मोळी सोडायची (हे कुणालाच आवडत नाही, परत बांधावी लागते ना) आणि वेगळं करायचं, वाळकं किती, ओलं किती, धावडा किती, ऐन किती, शेतातल्या पऱ्हाट्या-तुराट्या किती. या मोळीत बघा, बरंच शेतातलंच निघालं! खाली पडलेली काटकी उचलल्याने जंगलाचं फारसं जात नाही, मनगटाएवढा धावडा कापला की मात्र पुढचं झाड गेलं.

आता चुलीपाशी. आज रचलेल्या ढिगाचं वजन, उद्या उरलेल्याचं वजन, मधलं जळलं ते, आणि जेवायला माणसं किती होती तेही लिहायचं. कोपऱ्यात सिलिंडर दिसतोय? उज्ज्वला योजना 2016 ची. चहा त्याच्यावर होतो, आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच.

तिसरं माप जंगलात. 1.37 मीटर उंचीवर टेप लावून खोडाचा घेर घ्यायचा, काही वर्षांनी त्याच झाडाचा परत घ्यायचा, म्हणजे वर्षाला किती लाकूड वाढतं ते कळतं. वाढतं त्यापेक्षा जास्त जळत असेल तर तेवढाच वरचा भाग नुकसान, सगळी मोळी नाही. लोक नेमके इथेच घसरतात.

सॅटेलाइट आहे की, असं कुणीही म्हणेल. भारतीय वन सर्वेक्षण ज्या चित्रांवर नकाशे काढतं त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर साधारण 23.5 मीटर. वर सागाची पानं शाबूत असली की खालची कापलेली रोपं त्यात दिसणार कशी? त्यांच्याच 2019 च्या अहवालात जंगलालगतची गावं वर्षाला सुमारे 8.5 कोटी टन जळाऊ लाकूड जंगलातून आणतात असा अंदाज आहे, आणि त्यात महाराष्ट्र देशात पहिला.

1970 च्या दशकात जगभर असाच सरळ हिशेब मांडला होता, लोकसंख्या गुणिले लाकूड, वजा जंगलाची वाढ, आणि भाकीत काय तर जंगलं संपणार. बांधावरची झाडं, पऱ्हाट्या, गोवऱ्या मोजल्याच नव्हत्या. 2015 मध्ये जगाचा नीट अभ्यास आला, 2009 साली तोडलेल्या जळाऊ लाकडापैकी 27 ते 34 टक्केच जंगलाला न झेपणारं निघालं. आणि सुधारित चुलींच्या कार्बन क्रेडिटसाठी (चूल कमी लाकूड जाळते म्हणून वाचलेल्या कार्बनची विकली जाणारी प्रमाणपत्रं) हाच आकडा कित्येक देशांत 80 टक्क्यांच्या वर धरायचे! 2024 मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी चुलींचे प्रकल्प तपासले तर क्रेडिट साधारण 9 पट जास्त दिलेली, आणि हा फुगवलेला आकडा त्याचं एक मोठं कारण. म्हणजे तिने न तोडलेली झाडंही तोडली म्हणून मोळीवालीच्याच नावावर, आणि पैसे भलत्याच्याच खात्यात.

बाकी सरपणाला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले या जिल्ह्यात होत असतात, आणि चुलीचा धूर तर रोजचाच.