सूज लसीची की रक्तस्रावाची?

(दृश्य: उपकेंद्रातलं लसीकरण सत्र. आईच्या मांडीवर तान्हं बाळ.)

दीड, अडीच आणि साडेतीन महिने. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीच्या या तिन्ही डोसांना बाळाच्या डाव्या मांडीच्या स्नायूत सुई जाते. काही मुलांचा हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार, पहिल्यांदा लक्षात येतो तो इथेच: मांडी टणक होते, काळीनिळी पडते, फुगतच जाते. तीव्र हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या घरात हा आजार आधी कुणालाच नसतो. तरीही मामाला किंवा मावसभावाला रक्त लवकर न थांबण्याचा त्रास होता का, हे पहिल्या सुईआधी विचारायलाच हवं.

लस मात्र टाळायची नाही. स्नायूत रक्त साठतं ते सुईच्या जखमेमुळे, लसीतल्या औषधामुळे नाही.

बीसीजी कातडीत देतात, गोवर-रुबेला कातडीखाली. तिथे नीट दाबून धरलं की पुरतं. स्नायूतल्या लसीचा दिवस मात्र रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून ठरवायचा. मूल नियमित फॅक्टर (रक्त गोठवणारं, या मुलांत कमी असलेलं प्रथिन) घेत असेल, तर त्या डोसनंतर लगेच लस घ्यावी. १० किलोच्या मुलाला फॅक्टर आठची २०० युनिट दिली की रक्तातली त्याची पातळी साधारण ४० टक्क्यांनी वाढते. पण काही तासांतच ती निम्म्यावर येते, म्हणून सकाळी फॅक्टर आणि लस दुसऱ्या दिवशी, असं चालत नाही. ज्या बाळाला फॅक्टर कधीच दिलेला नाही, त्याला केवळ लसीसाठी तो द्यायचा का, हे डॉक्टरच ठरवतील. काही जण अशा बाळाला लस कातडीखाली देतात.

(दृश्य: सुईचं पाकीट, जवळून.)

सुई २३ नंबरची किंवा त्याहून बारीक हवी. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. सरकारी सत्रातल्या एडी (एकदा वापरली की आपोआप निकामी होणाऱ्या) सिरिंजची सुई बदलता येत नाही, त्यामुळे नर्सताईंशी आधीच बोलून ठेवा. टोचण्याआधी ५ मिनिटं फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. नंतर घड्याळ लावून १० मिनिटं कापूस घट्ट दाबून धरा. अजिबात चोळायचं नाही. घोटाळा होतो तो इथेच: मागे रांग असते, कापूस क्षणभर टेकवला जातो आणि बाळ उचललं जातं.

(दृश्य: मांडीवरच्या सुजेभोवती पेनाने काढलेली रेघ.)

घरी आल्यावर सुजेच्या कडेने पेनाने रेघ काढा. दोन ते चार तासांनी पुन्हा पाहा. लसीची सूज रेघेच्या आत राहते, एक-दोन दिवसांत उतरते. सोबत थोडा ताप येतो. रक्तस्रावाची सूज रेघ ओलांडते, कातडी ताणून चकाकते, बाळ पाय सरळ करू देत नाही. असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आधी फॅक्टर, सोनोग्राफी नंतर. गरम शेक देऊ नका, सुई घालून रक्त काढू देऊ नका.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन प्लेटलेट्सचं काम बिघडवतात. तापाच्या काही सिरपमध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असतं, म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी, बऱ्याचदा शाळेत. तिथे आई जवळ नसते. आजाराचा प्रकार, फॅक्टरची पातळी आणि उपचार केंद्राचा फोन लिहिलेली चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे वर्षाच्या सुरुवातीलाच द्या, आणि ही लस शाळेत नको, केंद्रात घेऊ, असं त्यात स्पष्ट लिहा.