तटाखालचं पाणी पाहणारा इंजिनिअर

वेल्समधला केअरफिली किल्ला. पाहुण्यांचे कॅमेरे वळतात ते त्या कललेल्या बुरुजाकडे. पण इथली खरी करामत आहे बंधाऱ्यांत.

गिल्बर्ट द क्लेअर या सरदारानं १२६८ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. ओढ्याचं पाणी अडवून भोवती तळी केली. पाण्यामुळे शत्रूला तटाखाली भुयार खणता येईना. आत दुहेरी तट. बाहेरचा बुटका, आतला उंच, म्हणजे बाहेरच्या शिपायांच्या डोक्यावरून आतले बाण सोडणार.

ही रचना अभ्यासून तिच्यावर लिहिणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत होते जॉर्ज थॉमस क्लार्क. तेव्हा वय पंचविशीच्या आसपास, पेशा सर्जनचा! पुढे डॉक्टरकी सोडून ते नामवंत इंजिनिअर ब्रुनेलच्या हाताखाली इंग्लंडमधल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर गेले, थेम्सवरचे पूल बांधून घेऊ लागले.

मग मुंबई. शहरातल्या सांडपाण्याची पाहणी त्यांच्याकडे आली. मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटापर्यंत रेल्वे न्यायची कल्पना त्यांना १८४३ मध्ये भांडुपला सुचली, असं रेल्वेचा इतिहास सांगतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तेव्हा क्लार्क कधीच विलायतेला परतले होते.

पुढची कित्येक वर्षं वेल्समधल्या डाउलेसच्या लोखंड कारखान्याचा कारभार त्यांनी पाहिला. पोलाद बनवायच्या बेसेमर पद्धतीचा परवाना घेण्यात डाउलेस आघाडीवर होतं. आणि एवढा व्याप सांभाळून किल्ले चालूच! १८८४ मध्ये इंग्लंडच्या मध्ययुगीन किल्ल्यांवरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला.

एका ठिकाणी मात्र ते चुकले. इंग्लंडभर मातीची भर घालून केलेल्या टेकड्या आहेत, वर पूर्वी लाकडी बुरूज असे. जुन्या बखरींत इंग्लंडच्या सॅक्सन राजांनी, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन स्वारीआधीच्या राजांनी, जिथे तटबंदी केल्याचं लिहिलंय, तिथली टेकडी म्हणजे तीच तटबंदी, असं क्लार्क यांनी धरलं. पुढे इतिहासकार एला आर्मिटेज यांनी दाखवून दिलं, की या टेकड्या नॉर्मन सरदारांच्या, बहुतेक १०६६ नंतरच्या. सॅक्सन तटबंदी आख्ख्या गावासाठी असायची; टेकडी एका सरदारापुरती.

त्या माथ्यावर गाव मावणार नाही, हे पूल मोजणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटलं कसं, याचंच नवल वाटतं.