फॉर्मवरच्या सहीने आयोजकाची जबाबदारी सुटते का?

सह्याद्रीत हौशी मंडळींचे ट्रेक नेणारे आपल्यापैकी बहुतेक जण निघण्यापूर्वी सहभागींकडून एक फॉर्म भरून घेतात आणि त्याच्या तळाशी ‘काही बरेवाईट घडल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत’ असे वाक्य असते. त्याखाली सही मिळाली की आपण सुटलो, हा समज मला अनेक वर्षे डोंगर फिरलेल्या जाणत्या गटांतही आढळतो. म्हणून आज मुख्यतः त्याविषयीच बोलायचे आहे.

सज्ञान माणूस समजून-उमजून धोका पत्करू शकतो, हे कायद्याला मान्य आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 मध्ये, आणि त्यापूर्वी 1860 च्या दंड संहितेच्या कलम 87 मध्ये, करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण दिले आहे. खेळ सचोटीने खेळताना एकाच्या हातून दुसऱ्याला इजा झाली, तर तो गुन्हा ठरत नाही. उतारावर घोटा मुरगळणे किंवा ओल्या कातळावरून पाय घसरणे ही याच जातीची जोखीम आहे. परंतु खेळ सचोटीने झाला पाहिजे आणि संमती देणारा 18 वर्षांवरील असला पाहिजे, या दोन अटी त्या कलमातच आहेत. लिंगाण्याचा कातळ चढण्याची जोखीम मी पत्करली म्हणजे आयोजकाने विरलेला दोर बांधला तरी माझी हरकत नाही, असे मी म्हटलेले नसते.

मग न्यायालय काय पाहते? त्या जागी, त्या वेळी, त्या अनुभवाचा समंजस माणूस कसा वागला असता, हे पाहते. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाला की सांदण दरीच्या अरुंद घळीत पाणी चढते, हे साम्रदच्या गावकऱ्यांना ठाऊक असते. आभाळ भरलेले असताना, गावकरी अडवत असताना, केवळ बसचे पैसे भरले आहेत म्हणून चाळीस जणांना खाली उतरवणाऱ्या माणसाला सह्यांचा गठ्ठा वाचवू शकेल, असे मला वाटत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यासाठी त्या ठिकाणी बंदी घातली असेल, तर आयोजकाची बाजू आणखीच पडते.

येथे फौजदारी शिक्षा आणि पैशांची भरपाई या दोन वाटा वेगळ्या ठेवाव्या लागतात. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या कलम 304 अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात, तो डॉक्टरांसंबंधीचा असला तरी, निष्काळजीपणा गुन्हा ठरण्यासाठी घोर स्वरूपाचा असावा लागतो, असे सांगितले. भरपाईच्या दाव्याला मात्र इतकी वरची पायरी लागत नाही. म्हणून फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटलेला आयोजकही भरपाई देण्यास बांधील ठरू शकतो.

मुले बरोबर असतील तर काळजीची पातळी कितीतरी वर जाते. 1995 च्या मे महिन्यात पंजाबातील एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली आणि 14 विद्यार्थी बुडाले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2001 मध्ये प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम झाली. शिक्षकांच्या चुकीसाठी शाळेलाही उत्तर द्यावे लागले. तो निकाल प्रत्येक सहल-आयोजकाने वाचावा, असे मी मनापासून सांगतो. पालकांची सही घेणे योग्यच आहे, पण मुलाच्या सुरक्षिततेचा हक्क त्या सहीने विकला जात नाही.

‘दोर आणि तंबू दुसऱ्याचे होते’ हा बचावही कच्चा आहे. 2006 मध्ये मेरठच्या प्रदर्शनातील आगीनंतर आयोजकांनी मंडप उभारणाऱ्या कंत्राटदाराकडे बोट दाखवले. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि भरपाईचा साठ टक्के भार आयोजकांवर टाकला.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. पूर्णतः मोफत सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर राहते. शुल्क घेतले की ग्राहक तक्रार निवारण आयोग दाराशी येतो. प्रवासभाडे घेऊन खाजगी नंबरप्लेटच्या गाडीतून लोक नेले, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय नोंदणी नसलेल्या गटाला कायद्याच्या नजरेत स्वतःचे अस्तित्व नसते, त्यामुळे दावा थेट तुमच्या-माझ्या नावावर येतो. राज्याच्या पर्यटन विभागाने 2021 मध्ये साहसी उपक्रमांचे धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली आहे; ती टाळू नये.

आमच्या गटाच्या फॉर्मवरून जबाबदारी झटकणारे ते वाक्य आम्ही काढून टाकले. आता तिथे वाटेतील अवघड टप्पे, पाणी कुठे मिळेल, जवळचे रुग्णालय आणि परतीची वेळ लिहिलेली असते. सहभागी आपला दमा, मधुमेह, हृदयविकार नोंदवतो. आणि हवा बिघडल्यास लीडर ट्रेक अर्ध्यातून परत फिरवील, पैसे परत मिळतील, ही ओळ वाचूनच तो सही करतो.