लष्करातली जास्वंद

(जानेवारीची सकाळ. धुकं. भिंतीलगत जुन्या चादरीत गुंडाळलेलं झाड.)

ग्वाल्हेर, लष्कर, चिटणीस की गोठ. साडेआठ वाजून गेलेत, तरी समोरचं घर धुक्यातच आहे. काकू झाडावरची सुती चादर उतरवताहेत. दवानं चादर जड झालीय. खाली जास्वंद. पानं मलूल, शेंडे काळपटलेले, फूल एकही नाही.

कोकणात कुंपणाला लावून विसरलं तरी हीच जास्वंद बारा महिने फुलते. उष्ण प्रदेशातलंच झुडूप ते. पण ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला. इथे जानेवारीत पारा 5 अंशांखाली उतरतो आणि मे-जूनमध्ये 45च्या वर चढतो. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला, त्या छावणीचंच हे लष्कर झालं आणि मराठी घरं इथलीच होऊन गेली. घरात गणपती, म्हणजे अंगणात लाल जास्वंद हवीच. मग हवा मानवो न मानवो.

मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. इथल्या हिंदीत पाला म्हणजे गोठलेलं दव. एका रात्रीच्या पाल्यानं झाडाचा सगळा पाला करपतो.

म्हणून ही चादर. प्लॅस्टिक नको, ते पानाला टेकलं की तिथेच पान जळतं. झाड लावायचं ते दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीशी; दिवसभर ऊन खाल्लेली भिंत रात्री ऊब देते. पाणी बेताचं, कारण गार, ओल्या मातीत मुळं कुजतात. आणि थंडीत कात्री अजिबात लावायची नाही. छाटलं की कोवळे धुमारे फुटतात, आणि पाला आधी त्यांनाच गाठतो.

(फेब्रुवारी. फांदीवर अंगठा, अगदी जवळून.)

झाड वाळलं म्हणून याच दिवसांत कितीतरी जण ते उपटून टाकतात. फार वाईट वाटतं. काकूंचं बघा. अंगठ्याच्या नखानं फांदीची साल जराशी खरवडतात. शेंड्याशी तपकिरी, कोरडं. चार बोटं खाली, अजून कोरडं. वीतभर खाली मात्र हिरवं, ओलसर.

“इथपर्यंत आहे बघ,” म्हणतात.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली की मग कात्री. हिरव्या भागात, डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या गाठीच्या, जरा वर, तिरका काप. जास्वंदीला कळी येते ती नव्या फुटीवर. जितकी फूट, तितकी फुलं. बुंध्याशी मुरलेलं शेणखत, वर भरपूर ऊन.

मे महिन्यात दुपारची सावली हवी. माती सुकली की कळ्या उमलण्याआधीच गळतात. पान पिवळं पण शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोह कमी पडतंय; बोअरच्या जड पाण्यानं ते मुळांना मिळत नाही. काकू पावसाचं पाणी पिंपात साठवतात ते त्यासाठीच.

आणि खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर तिच्या मागे जा. पानाच्या बेचक्यात पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण सापडेल. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्याला राखतात. आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुवायचं, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारायचं. आठवड्यानं पुन्हा. एका फवारणीत तो जात नाही.

(भाद्रपद. गणेश चतुर्थीची पहाट.)

काल मिटलेल्या कळ्या आज उमलल्यात. फूल एकाच दिवसाचं, संध्याकाळी मिटून जाईल. काकूंची परडी भरत आलीय.

या गावठी जास्वंदीला बी सहसा धरत नाही. ती घरोघरी जाते फांदीनं. शेजारच्या सुनेनं मागितलीय. काकू पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी निवडतात, डोळ्याच्या खाली कापतात, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढतात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात देतात.

“भिंतीशी लाव गं.”