कराराला चिकटून बसलेला जमीनदार

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा विषय निघाला की लिंकन, गुलामगिरी, उत्तर आणि दक्षिण, एवढंच आपल्याला आठवतं. आज आपण त्या युद्धाच्या पार पश्चिम कडेला जाऊ, आताच्या ओक्लाहोमात. तो मुलूख तेव्हा मूळ रहिवासी जमातींसाठी राखून ठेवला होता. तिथे क्रीक जमातीचा एक पुढारी राहत होता, ओपोथ्लेयाहोला. 1861 साली वय ऐंशीच्या घरात. सुमारे 2000 एकर जमीन, गुरंढोरं, आणि राबायला काळे गुलामही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर त्याला संत करून टाकायचा मोह होतो.

ही जमीन वडिलोपार्जित नव्हती. क्रीकांचा मूळ मुलूख जॉर्जिया-अलाबामाकडचा. 1825 मध्ये विल्यम मॅकिंटॉश या क्रीक सरदारानं जमातीच्या सभेला डावलून जमीन सरकारला लिहून दिली. अशा विक्रीला जमातीच्या कायद्यात एकच शिक्षा होती, मृत्यू. ती अमलात आली. ओपोथ्लेयाहोला सभेच्या वतीनं बोलणारा माणूस. तो वॉशिंग्टनला जाऊन भांडला, करार रद्द करवून घेतला. जमीन मात्र वाचली नाही. 1836 मध्ये हजारो क्रीकांसह त्याला पश्चिमेला जावं लागलं. बदल्यात सरकारनं शब्द दिला होता: नवी जमीन कायमची तुमची, कुणी त्रास दिला तर आम्ही राखू.

1861 मध्ये युद्ध पेटलं आणि त्याच सरकारच्या फौजा तिथले किल्ले सोडून निघून गेल्या. अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा दूत आला, जुलैत बऱ्याच क्रीक पुढाऱ्यांनी त्याच्या करारावर सह्या केल्या. पुढे दक्षिणेच्या बाजूनं क्रीक सैनिक घेऊन कोण उभं राहिलं? मॅकिंटॉशचे मुलगे! मला तर हे युद्ध तिथे निम्मं भाऊबंदकीचंच वाटतं.

म्हाताऱ्यानं सही केली नाही. ऑगस्टमध्ये त्यानं लिंकनला पत्र धाडून जुन्या वचनाची आठवण दिली. मग घरदार सोडून तो निघाला. बरोबर क्रीक, सेमिनोल या दुसऱ्या जमातीचे लोक आणि मालकांकडून पळालेले काळे लोकही. गुलाम बाळगणाऱ्याच्या मागे गुलाम स्वातंत्र्याच्या आशेनं चालले होते, ही त्या काफिल्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट.

नोव्हेंबर-डिसेंबरात दक्षिणेच्या फौजेशी तीन लढाया झाल्या. पहिल्या दोन्ही वेळा काफिला निसटला. 26 डिसेंबरला चुस्टेनाला इथे मात्र दाणादाण उडाली. शत्रूच्या हाती सुमारे 30 गाड्या, 70 बैलजोड्या आणि दीडशेहून अधिक बायकामुलं लागली. उरलेले लोक हिमवादळातून उत्तरेच्या बाजूच्या कॅन्सस राज्याकडे पळाले, कित्येक अनवाणी. तिथे पोचल्यावरही गोठलेल्या जमिनीवर, फाटक्या कापडाच्या आडोशाला झोपायचं. हिमदंशानं सडलेले हातपाय सरकारी डॉक्टरांनी कापले. त्यातूनही 1862 मध्ये याच निर्वासितांमधून उत्तरेच्या पलटणी उभ्या राहिल्या.

ओपोथ्लेयाहोला 22 मार्च 1863 रोजी कॅन्ससमधल्या निर्वासितांच्या छावणीत वारला. त्याला मुलीच्या कबरीशेजारी पुरलं. आपल्या 2000 एकरांवर तो परत गेलाच नाही.

युद्धानंतर, 1866 मध्ये सरकारनं क्रीकांशी नवा करार केला. मुक्त झालेल्या काळ्या लोकांना जमातीचं नागरिकत्व मिळालं. आणि जमातीची पश्चिमेकडची निम्मी जमीन, साडेबत्तीस लाख एकर, एकरी 30 सेंट भावानं सरकारनं घेतली. त्यात दक्षिणेला मिळालेल्यांचीही गेली, उत्तरेसाठी बर्फ तुडवलेल्यांचीही.